चार अंशांची वही

आक्का,

तू जाऊन पंचवीस दिवस झाले. बाराव्याला कणकुंबीहून निघताना भावोजींनी तुझ्या बालवाडीतल्या फ्रिजची वही माझ्या हातात दिली. "तुझ्या कंपनीची आहे, तूच ठेव," म्हणाले. तेव्हापासून ती इथं बेळगावात, खासबागेतल्या घरी, माझ्या टेबलावर पडून आहे. दर शनिवारी तू तिच्या पानांचे फोटो पाठवायचीस, पण वही प्रत्यक्ष हातात घ्यायची वेळ आत्ता आली. पानांच्या कडेला नाचणीच्या पिठाची बोटं उमटली आहेत. फोटोत ती मला कधी दिसली नव्हती.

रडायचं ते बाराव्यापर्यंत रडून झालं. आता मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि समोर कुणी नाही. तसं भांडण तू नेहमी अर्ध्यावरच सोडायचीस. मी आवाज चढवला की उठून चुलीकडे जायचीस आणि परत यायचीस ती हातात काहीतरी खायला घेऊन. तोंडात घास असला की मला भांडता येत नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं.

तुझ्या-माझ्यात अकरा वर्षांचं अंतर. आई बोरगावहून निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जायची आणि मी दिवसभर तुझ्या कडेवर. माझं उष्टावण मामानं केलं म्हणतात, पण रोजचा घास तुझाच. नाचणीची पेज ताटलीत ओतायची, फुंकर घालायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा आणि मगच चमचा माझ्या तोंडाशी न्यायचा. यातलं मला अर्थातच काही आठवत नाही. तूच सांगायचीस, आणि शेवटी न चुकता पुस्ती जोडायचीस, "सहावीला नापास झालो ती तुझ्यापायी." लग्न होऊन खानापूरच्या जंगलात, कणकुंबीला गेलीस, तीस वर्षं तिथं काढलीस, तरी आपल्या बोरगावच्या बायकांचं 'मी येतो, मी जातो' तुझ्या तोंडून गेलं नाही. फोनवर ते ऐकलं की मला घरी गेल्यासारखं वाटायचं. आता तसं बोलणारं माझ्याशी कुणी नाही.

तुझ्या पेजेवर वाढलेली मी अन्नतंत्रज्ञान शिकले आणि नोकरी धरली ती बाळांचं खाणं फार न तापवता टिकवायच्या कामावर. तुला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू विचारलंस, "म्हंजे कच्चंच?"

कच्चं नाही गं. भोपळा आणि गाजर आधी वाफवतो, मऊ करतो, पाकिटात भरतो. ते टिकवायचं तर एरवी पाकिटासकट पुन्हा भरपूर तापवावं लागतं, आणि त्यात रंग जातो, वास जातो, काही जीवनसत्त्वंही जातात. आम्ही ते दुसरं तापवणं टाळतो. पाकिटं जाड पोलादी भांड्यात पाण्यात बुडवायची आणि त्या पाण्यावर काही मिनिटं प्रचंड दाब द्यायचा. समुद्राच्या तळाशी असतो त्याहूनही जास्त. दाब सगळ्या बाजूंनी सारखा पडतो म्हणून पाकीट फुटत नाही, जंतू मात्र मरतात. हे सगळं मी तुला हातवारे करून समजावलं होतं, आणि तू तांदूळ निवडता निवडता ऐकलं होतंस.

एकदा कारखाना बघायलाही आलीस. जाळीची टोपी घालण्यासाठी केसातली अबोली काढायला लावली म्हणून दारातच रुसलीस. यंत्र उघडल्यावर मी त्यातलं पाकीट तुझ्या हातात दिलं. तू ते गालाला लावलंस आणि म्हणालीस, "ह्ये तर गारच की गं." आमचे साहेब हसले. मीही हसले. तुला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "सुमे, असला गार गोळा लेकराच्या पोटात घालायचा व्हय?" मी म्हटलं, देताना कोमट पाण्यात धरायचं. तू मान हलवलीस, पण ती होकाराची नव्हती.

त्याच दिवशी, परत जाताना बसस्टँडवर, मी तुला या पद्धतीची दुखरी बाजूही सांगितली. दाबानं जंतू मरतात, पण काही जंतूंची बीजं असतात, कवचातली. ती दाबाला पुरून उरतात. पाकीट गार असेपर्यंत ती निजून राहतात, गारवा गेला की उठतात. म्हणून फ्रिज हवा, तोही चार अंशांवर, सकाळ-संध्याकाळ वहीत नोंद हवी. तू "व्हय, व्हय" म्हणत खानापूरची गाडी लागली का ते बघत होतीस. मला वाटलं, हिचं लक्ष नाही.

चाचणीसाठी कणकुंबी मी निवडलं, कारण तिथं तू होतीस. मजुरीला, शेताला जाणाऱ्या बायका पोरं तुझ्या सोप्यातल्या बालवाडीत सोडून जायच्या. नुकतं खायला लागलेली बारा पोरं होती. आयांनी सह्या दिल्या. साहेबांना हा उद्योग मनापासून पटलेला नव्हता. पोरांनी तोंडं फिरवली किंवा कुणाचं पोट बिघडलं तर काम बंद, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. सात वर्षं त्या यंत्रापाशी घालवल्यावर ते ऐकून मी तुला फोन केला आणि फोनवर रडले. तो फोन मी करायला नको होता.

फ्रिज लावायला आले तेव्हा तर मी कहरच केला. तुझ्या सोप्यात खुंटीला थर्मास लटकत होता. उघडून पाहिलं तर सकाळची पेज, दुपारी द्यायला ठेवलेली. मी आयांसमोर, तुझ्या मदतीला येणाऱ्या शेवंतासमोर, तुझ्यावर ओरडले. कोमट पेज तासन् तास ठेवणं म्हणजे जंतूंना आमंत्रण, एवढं कळत नाही का, म्हणाले. तू हळूच म्हणालीस, "तुलाबी असंच वाढवलंय की." आणि मी म्हणाले, "म्हणूनच मी सारखी आजारी असायची." तुझा चेहरा उतरला. तू नेहमीप्रमाणे चुलीकडे गेलीस, पण त्या दिवशी काही खायला घेऊन परत आली नाहीस. मी त्याची माफी मागितली नाही. मनात होतं, पण साध्या गोष्टींना मुहूर्त लागत नाही हे मला कधी कळलंच नाही.

चाचणी आषाढात सुरू झाली. चौथ्या दिवशी तुझा फोन आला. "सुमे, लाईट गेलीया." मी मीटिंगमध्ये होते. "फ्रिजचं दार उघडू नको, येईल तासाभरात," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर लाईटचा विषय तू कधी काढला नाहीस आणि मी विचारलाही नाही.

तीन महिने दर शनिवारी फोटो आले. बारा पोरं, बारा ओळी. "सगळं खाल्लं." "सगळं खाल्लं." पोट कुणाचं बिघडलं नाही, तोंड कुणी फिरवलं नाही. रिकामी पाकिटं तू स्वच्छ धुऊन पाठवायचीस आणि मी ऑफिसात मिरवायची की बघा, माझी बहीण किती टापटिपीची. भाद्रपद संपता संपता अहवाल झाला. साहेबांनी सगळ्यांना कुंदा वाटला. मला बढती मिळाली आणि घाटमाथ्यावरच्या आणखी आठ गावांत पाकिटं द्यायचं ठरलं. ती गावं ठरवायला दिवाळी उजाडली. ठरल्या दिवशी पहिला फोन तुला केला. वाटलं, तू खूश होशील. पण लाईन तुटली की काय म्हणून मी हॅलो हॅलो करत राहिले.

"आठ गावं?" तू विचारलंस.

"हो. सगळी तुझ्याच भागातली."

"सुमे, एकदा यिऊन जा. एक सांगायचं हाय."

"आत्ता सांग की."

"फोनवर न्हाय. तू ये."

मी म्हटलं, महिनाअखेर होऊ दे, येते. महिनाअखेरच्या आधी भावोजींचाच फोन आला. पहाटे चूल पेटवायला म्हणून उठलीस आणि तिथंच बसलीस ती बसलीसच. हृदय होतं, डॉक्टर म्हणाले. बेळगावहून कणकुंबीपर्यंतच्या वाटेवर मी एकच विचार करत होते, हिला काय सांगायचं होतं. भावोजींना विचारलं, त्यांना माहीत नव्हतं. मला वाटलं दुखणं असेल, अंगावर काढलं असेल. स्वतःला फार दोष दिला.

बाराव्याच्या दिवशी पंगती उठल्यावर मी आणि शेवंता मागच्या दारी भांडी घासत होतो. मी आपलं बोलायचं म्हणून बोलले, "पोरांना आता कोण भरवणार? पाकिटं तरी फोडून द्यायला कुणी हवं."

शेवंताचा हात थांबला. "कुठली पाकिटं? ती तर म्हशीनं खाल्ली की, ताई."

मला काही कळेना. तिला वाटत होतं, मला सगळं माहीत आहे. मग तिला थांबता येईना. पहिल्याच आठवड्यात दोन दिवस लाईट नव्हती म्हणे. तिसऱ्या दिवशी तू फ्रिज उघडलास, पाकीट हातात धरलंस, आणि सगळी पाकिटं म्हशीच्या घमेल्यात रिकामी केलीस, पुढं येत गेलेलीसुद्धा. "म्हस लई खूश हुती," शेवंता म्हणाली. "बाई म्हणाल्या, पावसाळाभर हितं लाईटचं खरं न्हाय. सुमीनं सांगितलंय, गारवा गेला की बी उठतंय. लेकरास्नी न्हाय द्यायचं ह्ये."

"मग पोरांना काय दिलं?"

"पेज. नाचणीची." तिनं माझ्याकडे जरा घाबरतच पाहिलं. "दोनदा शिजवायच्या. सकाळी एकदा, दुपारी एकदा. तुमी वरडल्याला, तवापास्नं थर्मास माळ्यावर टाकलाय त्यांनी. दुपारी कटाळा आला तर मी म्हणायची, ऱ्हाऊ द्या की सकाळचीच. तर न्हाय. म्हणायच्या, माझी भैन शिकल्याली हाय, ती सांगती त्यात काय तरी असंल."

आक्का, मी राखेनं भरलेले हात तसेच धरून बसले. जगात माझं बोलणं इतकं लक्ष देऊन ऐकणारी एकच बाई होती. बसस्टँडवरही ऐकत होती, थर्मासच्या दिवशीही ऐकत होती. तुला वाटलं असेल हिला कधीतरी कळेल. मला कळलं ते तुझ्या बाराव्याला, भांडी घासताना.

"पोरांच्या आयांना माहीत होतं?" मी विचारलं.

"समद्यांस्नी. तुमास्नी सांगू नका म्हणाल्या. पोरीचं काम बंद पडंल, लई रडल्ती म्हणाल्या."

म्हणजे बारा घरांना माहीत होतं, म्हशीला माहीत होतं, फक्त मला नव्हतं.

घरी येऊन वही उघडली. पहिले तीन दिवस खरे आहेत. एका सकाळी पाच, एका संध्याकाळी सहा. चौथ्या दिवसापासून चार. सकाळी चार, संध्याकाळी चार, तीन महिने, एकाच पेनानं. आषाढ-श्रावणातल्या कणकुंबीत, जिथं झाड पडलं की दोन दिवस तार जोडायला माणूस येत नाही, तिथं तुझा फ्रिज चार अंशांवरून हलला नाही. कॉलेजातल्या पोरानंही ती पानं पाहून विचारलं असतं, हे कसं शक्य आहे. मी दर शनिवारी पाहत होते आणि सुखावत होते. तुला खोटं लिहिता येत नव्हतं, आक्का. इतकं वाईट खोटं लिहिलं होतंस की मला पकडायला सोपं जावं. मीच पकडलं नाही.

आणि तुझी ही पहिली वेळही नव्हती. मी नववीत असताना तू पहिल्या दिवाळीला माहेरी आली होतीस. सुट्टी संपताच झालेल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी मिठाच्या पाण्यात आंब्याच्या फोडी टिकवून ठेवल्या होत्या. त्यांना बुरशी आली. तू प्रदर्शनाच्या सकाळी माझ्या आधी उठून बरणी घासलीस आणि आईच्या बरणीतल्या चांगल्या फोडी तीत भरल्यास. मला बक्षीस मिळालं. पुढं माझ्याच लग्नात, हळदीला, सगळ्यांदेखत तू ते फोडलंस आणि आपण दोघी हसून हसून लोळलो. मी तेव्हा तुला एक शब्द विचारला नाही. विचारायला हवं होतं की आक्का, असं किती वेळा केलंस.

तू चुकलीस, हे मला तुला सांगायचंच आहे. तुझ्या सोप्यातल्या बारा पोरांना तू होतीस. पुढच्या आठ गावांत तू नाहीस. तिथल्या बाया पाकीट कोमट पाण्यात धरतील आणि देतील, कारण अहवालात लिहिलं आहे की पोट कुणाचं बिघडत नाही. तिथंही तीच लाईट आहे, तोच पाऊस आहे. तुला ते त्या फोनवरच उमगलं होतं, म्हणून बोलावलंस. मी तेव्हाच निघाले असते तर तू चुलीपुढं बसून खाली मान घालून सांगितलं असतंस, मी तुला वाट्टेल ते बोलले असते, तू खायला दिलं असतंस, आणि आपण दोघींनी मिळून काहीतरी ठरवलं असतं. तेवढं एक भांडण मला हवं होतं. ते मिळालं नाही, याचं जेवढं दुःख होतं तेवढं तुझ्या जाण्याचंही होत नाही, असं कधी कधी वाटतं. मग लक्षात येतं की दोन्ही एकच आहे.

तीन दिवस मी कुणालाच काही बोलले नाही. खोटं कशाला सांगू, गप्प बसायचा विचारही केला. पाकिटात दोष नाही, हे मला आजही ठामपणे वाटतं. गार राहतील तिथं ती तुझ्या पेजेइतकीच चांगली आहेत. चौथ्या दिवशी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या बहीण आता नाहीत. गावातल्या बायका बोलायच्या नाहीत. आणि पाकीट चांगलं आहे, हे तुम्हीच म्हणता."

"पाकीट चांगलं आहे, साहेब. तिथली लाईट चांगली नाही."

"काम बंद करावं लागेल, कळतंय ना?"

मला कळत होतं. त्यांना वाईट माणूस म्हणू नको, आक्का. त्यांनीही त्या यंत्रापायी बरंच ऐकून घेतलंय. त्यांनी मला सांगितलं, लेखी द्या, मग बघू. आठ गावांची पाकिटं मात्र त्यांनी त्याच दुपारी थांबवली.

लेखी द्यायला बसले तर दोन ओळी लिहून अडले. "वहीतल्या नोंदी खऱ्या नाहीत," असं लिहायचं होतं. तुझ्याविरुद्ध मी आजवर कुणाकडे तक्रार केलेली नाही, आईकडेसुद्धा नाही. शेवटी लिहिलं. त्याखाली लिहिलं की त्या नोंदी तपासायचं काम माझं होतं आणि मी तपासल्या नाहीत. मुलांनी तीन महिने काय खाल्लं तेही लिहिलं. दिवसातून दोनदा ताजी शिजवलेली नाचणीची पेज, आणि शिजवणारीचं नाव. तुझं पूर्ण नाव मी कधी लिहिलंच नव्हतं, दोनदा खोडावं लागलं.

पत्र काल दिलं. पुढं काय होईल ते ठाऊक नाही. कदाचित मला दुसरीकडे बसवतील, कदाचित ज्या गावात लाईट टिकते तिथं पुन्हा पहिल्यापासून चाचणी करायला सांगतील. पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवून मी बाहेर आले आणि सवयीनं तुला फोन लावायला घेतला.

तू असतीस तर ते पत्र माझ्या हातून गेलंच नसतं. तू पहिल्या गाडीनं बेळगावला आली असतीस आणि म्हणाली असतीस, थांब, मी सांगतो साहेबास्नी, माझंच चुकलं. आणि आक्का, मी तुला सांगू दिलं असतं.